समुद्र नसलेल्या मुलखात सी कयाक की एकट्याची कॅनो?

मराठवाड्याला समुद्र नाही, त्यामुळे ‘सी कयाक, म्हणजे समुद्रात वल्हवायची होडी, घेऊ का?’ असं कुणी विचारलं की आधी हसूच येतं. पण नाथसागर भरलेला असताना पैठणच्या धरणावरून पश्चिमेकडे बघा. नजर पाण्यावरच संपते. पूर्ण भरल्यावर हा जलाशय सुमारे 55 किलोमीटर लांब, जिथे जास्त रुंद तिथे 27 किलोमीटर, आणि पसारा साधारण 350 चौरस किलोमीटर. एवढ्या उघड्या पाण्यावर वारा सुटला की लाट उठते, मग ते पाणी खारं असो की गोडं. आणि हीच गोदावरी खाली नांदेडजवळ विष्णुपुरीच्या फुगवट्यात दोन काठांमध्ये अंग चोरून उभी असते. तिथे एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावरचा माणूस मान वर करतो.

नदी एकच, पण या दोन ठिकाणांना होड्या दोन वेगळ्या लागतात. एकट्याने लांबचा पल्ला मारायचा, रात्री काठावर तंबू ठोकायचा आणि सकाळी पुढे निघायचं अशी ज्याला हौस आहे, त्याच्यापुढे दोन पर्याय येतात: सी कयाक आणि सोलो टूरिंग कॅनो. या दोन्हींवरून हौशी मंडळी तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते निर्णय दोन प्रश्नांवर होतो. तुमच्या पाण्यावर वाऱ्याला धावायला किती मोकळं रान आहे? आणि पाण्याबाहेर ती होडी तुम्हाला किती वेळा, किती लांब उचलावी लागणार आहे? वेग, रंग, कोणत्या परदेशी कंपनीची, हे सगळं त्यानंतर.

आधी दोन्ही होड्या डोळ्यांपुढे आणू.

सी कयाक म्हणजे वरून झाकलेली, लांब, दोन्ही टोकांना निमुळती होडी. लांबी बहुधा 16 ते 18 फूट, रुंदी जेमतेम 21 ते 24 इंच. मधोमध बसायची खोबण असते, तिला कॉकपिट म्हणतात. त्यात पाय पुढे पसरून, बूड जवळजवळ तळाला टेकवून बसायचं आणि मांड्या आतून वरच्या झाकणाला लावायच्या. कमरेला स्प्रे स्कर्ट नावाचा घेर घालतात. त्याची कड कॉकपिटच्या काठावर ताणून बसवली की लाट मांडीवर फुटली तरी पाणी आत उतरत नाही. पुढे आणि मागे आडव्या भिंती घालून सामानाचे बंद कप्पे केलेले असतात, त्यांना वरून गोल किंवा लांबट झाकणं. वल्हं दोन्ही टोकांना पातं असलेलं, सात फुटांच्या आसपास. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट आणि अल्यूट लोकांनी ही होडी शिकारीसाठी घडवली. लाकडाचा आणि हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं. गार पाणी अंगावर येऊ नये म्हणून वरून बंद, आणि उलटली तरी आत बसल्या जागी वल्ह्याच्या एका फटक्याने सरळ करता यावी अशी बेतलेली.

कॅनो उघडी. एकट्याची टूरिंग कॅनो 14 ते 16 फूट लांब, 28 ते 31 इंच रुंद आणि मधोमध सुमारे फूटभर खोल असते. काठांना लटकवलेली एक बैठक असते. तिच्यावर बसा, नाहीतर तिला बूड टेकवून गुडघ्यांवर या. वल्हं एका पात्याचं. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत तळी आणि नद्या एकमेकांना जवळजवळ लागून आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांनी बर्च झाडाच्या सालीपासून हलक्या कॅनो बनवल्या, कारण एका तळ्यातून काढून खांद्यावरून दुसऱ्या तळ्यात नेणं हा त्यांच्या रोजच्या प्रवासाचाच भाग होता. ऑलिंपिकमध्ये 1936 पासून या दोन्हींच्या शर्यती होतात. के (K) म्हणजे कयाक, बसून आणि दोन पात्यांनी. सी (C) म्हणजे कॅनो, एक गुडघा टेकून आणि एका पात्याने. आपल्याला त्या शर्यतीशी देणंघेणं नाही, पण टीव्हीवर दिसलं तर ओळख पटावी.

एक होडी पाणी बाहेर ठेवण्यासाठी जन्मली, दुसरी पाण्याबाहेर नेता यावी म्हणून. पुढचे बहुतेक गुणदोष यातूनच निघतात.

वारा आणि मोकळं पाणी

लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टी ठरवतात: वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहतोय, आणि अडथळ्याविना त्याला किती लांब पाणी मिळालंय. तिसरी गोष्ट लोक विसरतात. ताशी 30 किलोमीटरचा वारा 15 किलोमीटर उघड्या पाण्यावरून दोन-तीन तास वाहिला, तर लाट साधारण अर्ध्या मीटरपर्यंत चढते. तोच वारा दोनशे मीटर रुंदीच्या नदीला आडवा वाहिला तर पाण्यावर नुसत्या सुरकुत्या. अर्धा मीटर ऐकायला किरकोळ वाटतो. पण सामान आणि माणूस घेऊन कॅनो पाण्यात बसली की तिचा मधला काठ पाण्यापासून वीतभरच वर राहतो. आता हिशेब तुम्हीच करा.

नाथसागराची ठेवण यात भर घालते. गोदावरी पश्चिमेकडून येते, धरण पूर्वेच्या टोकाला. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा कायगाव टोक्याच्या बाजूने सुटला की जलाशयाची लांबी त्याला जवळजवळ सरळ मिळते आणि सगळी लाट पैठणच्या अंगाला येऊन आपटते. शिवाय हा जलाशय पसरट. एकूण साठा 2,909 दशलक्ष घनमीटर, त्याला क्षेत्रफळाने भागलं तर सरासरी खोली आठ-साडेआठ मीटरच येते, आणि काठाच्या पट्ट्यात तर दोन-तीन मीटर. लाट उथळ पाण्यात शिरली की तिची लांबी आखडते, चढ उभा होतो आणि माथा फुटतो. म्हणजे मधल्या पाण्यावर जी लाट होडीला हळूच उचलून खाली ठेवत होती, तीच काठाशी आल्यावर आत उडी मारते. दमून काठाकडे वळलेल्या माणसाला नेमका तिथेच त्रास होतो.

आणि वळीव विसरू नका. एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत पाणी आरशासारखं असतं, चार वाजता आभाळ काळं होतं आणि ढगाखालून एकदम गार वारा सुटतो. पाऊस नंतर, वारा आधी. त्यात विजा. वळिवात उघड्या पाण्यावर कोणतीच होडी चांगली नसते. तिथे सकाळी लवकर निघून दुपारच्या आत काठाला लागणं एवढंच चालतं.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 10 चा वारा 20 वर गेला की ढकलणारी ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते. कयाक पाण्याला चिकटून चालते, वाऱ्याला धरायला फारसं अंग देत नाही. कॅनोचे काठ उंच, टोकं आणखी उंच, आणि माणूसही वर बसलेला. ताशी 20 च्या समोरच्या वाऱ्यात कयाकवाला कुरकुरत का होईना पुढे सरकतो. कॅनोवाल्याला आपण जागच्या जागी घाम गाळतोय की काय अशी शंका येते, आणि ती खरीही असू शकते.

वारा बाजूचा असला की गंमत वेगळी. होडी चालत असताना पुढचं टोक ताजं पाणी कापतं, तिथे दोन्ही अंगांनी दाब असतो, म्हणून ते पाण्यात घट्ट धरलेलं राहतं. मागचं टोक घुसळलेल्या पाण्यात असतं, सैल. वारा त्या सैल टोकाला ढकलतो आणि होडीचं तोंड आपोआप वाऱ्याकडे वळतं. कयाकमध्ये याच्यावर उपाय म्हणून मागच्या बाजूला तळातून खाली सोडायचं एक पातं असतं, त्याला स्केग म्हणतात. दोरी किंवा खटका सरकवला की ते खाली येतं, मागच्या टोकाला पकड मिळते आणि तोंड सरळ राहतं. काही कयाकांना स्केगऐवजी पायाने चालवायचं सुकाणू असतं.

कॅनोत हेच काम सामानाने करायचं असतं, आणि हा भाग मला सगळ्यांत आवडतो. गावाकडे ज्याने बैलगाडी भरली असेल त्याला समजावून सांगायची गरज नाही. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलार होते, पुढे जास्त झालं की बैलांच्या मानेवर भार येतो. एकटा माणूस कॅनोच्या मध्याच्या थोडा मागे बसतो, त्यामुळे रिकामी कॅनो मुळात उलार. पुढचं टोक हवेत, आणि वारा ते टोक धरून हवं तिकडे फिरवतो. म्हणून वाऱ्याच्या तोंडावर जायचं असेल तर पाण्याचा जार आणि जड बॅग पुढे सरकवा, तोंड खाली बसेल आणि वाऱ्याकडे टिकून राहील. वारा पाठीशी असेल तर तेच सामान मागे घ्या. बैठक पुढे-मागे सरकणारी असेल तर नुसतं स्वतःला सरकवूनही काम भागतं. हे एकदा हाताला बसलं की कॅनोवाला वाऱ्याशी बराच नीट बोलू लागतो. पण नाथसागराच्या मधोमध, चार किलोमीटरवर काठ असताना, ही कला मदतीला येते तशी अपुरीही पडते.

उलटल्यावर काय

दुकानात हा प्रश्न कुणी काढत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

कयाक उलटली तर दोन मार्ग. शिकलेला माणूस आत बसूनच वल्ह्याने ती सरळ करतो, त्याला रोल म्हणतात. ते जमत नसेल तर स्प्रे स्कर्टची पुढची पट्टी ओढून बाहेर यायचं. मग कयाक सरळ करायची, वल्ह्याच्या एका पात्यावर फुगवता येणारी पिशवी चढवायची, वल्हं कॉकपिटमागे आडवं धरून पिशवी पाण्यावर तरंगती ठेवायची. त्या आधाराने मागच्या झाकणावर पालथं चढायचं आणि सरपटत पुन्हा आत. पुढचे-मागचे कप्पे बंद असल्यामुळे पाणी फक्त कॉकपिटमध्ये भरलेलं असतं. हातपंपाने उपसा, निघा. वाचायला सोपं आहे. उथळ, शांत पाण्यात कुणाला तरी शेजारी उभं करून पुन्हा पुन्हा केल्याशिवाय ते हातात येत नाही.

कॅनो उलटली तर तिच्यात शेकडो लिटर पाणी भरतं. ती बुडत नाही, पण पाण्याच्या पातळीला लोळत राहते आणि चढायला गेलात की पुन्हा कलते. टोकांना हवेच्या मोठ्या पिशव्या बांधल्या तर पाणी कमी शिरतं आणि एकट्याला आशा राहते. लाटा असतील तर मात्र एकट्याने ती रिकामी करून आत बसणं फार थोड्यांना जमतं. व्यवहारात कॅनोवाल्याचा बचाव एकच: काठ जवळ ठेवणं. पोहत होडी ओढून नेता येईल एवढ्याच अंतरावर राहणं. अरुंद नदीवर तो नियम आपोआप पाळला जातो, मोठ्या जलाशयावर पाळायचा तर काठाकाठाने लांबचा वळसा पडतो.

लाइफ जॅकेट दोन्हीकडे अंगातच. सीटखाली ठेवलेलं जॅकेट उलटल्यावर आपल्याशिवाय तरंगत निघून जातं. आपल्याकडे पोहता येणाऱ्याला जॅकेट घालणं कमीपणाचं वाटतं, हे मी घाटावर पुष्कळ पाहिलंय. विहिरीत सूर मारणारा माणूस कपड्या-बुटांसकट लाटेत अर्धा तास टिकतोच असं नाही.

बंधारे, चिखल आणि खांदा

आता गोदावरीकडे या, इथे पारडं फिरतं.

पैठणपासून खाली नदी सलग राहिलेली नाही. आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, डिग्रस असे उच्च पातळी बंधारे एकामागे एक आहेत. आपेगाव म्हटलं की आपल्याला माउली आठवतात, होडीवाल्याला दरवाजे आठवावेत. पाऊस बरा झाला असेल तर हिवाळ्यात प्रत्येक बंधाऱ्यामागे लांबवर संथ, खोल पाणी उभं असतं. दोन्ही काठांना गंगथडीचा ऊस, मधूनच एखादा घाट, बगळे. एकट्याने वल्हवायला याच्यापेक्षा चांगलं पाणी मला मराठवाड्यात ठाऊक नाही. पण प्रत्येक बंधाऱ्याशी उतरायचं, होडी बाहेर काढायची, दगडी पिचिंगवरून किंवा शेताच्या बांधावरून खाली न्यायची आणि पुन्हा पाण्यात सोडायची.

हे काम जवळून बघा. कॅनोच्या मधोमध एक आडवा दांडा असतो, मानेच्या जागी कोरलेला. बाहेर आल्यावर दोन बॅगा उचलून काठावर टाकायच्या. कॅनो कुशीवर करून मांड्यांवर घ्यायची, एका झोक्यात डोक्यावरून पलटी मारायची, दांडा खांद्यांवर बसतो आणि होडी टोपीसारखी डोक्यावर. दोन्ही हात मोकळे, पायांखालचं दिसतं. चांगल्या हलक्या बनावटीची कॅनो 15 ते 18 किलोची असते. दोन फेऱ्यांत सगळं पलीकडे. स्वस्त जाड प्लास्टिकची मात्र तीस किलोच्या घरात जाते, तिथे हा सगळा मुद्दाच गळून पडतो.

कयाकचं तसं नाही. 22 ते 28 किलो, खांद्यावर घ्यायची ती कॉकपिटच्या कडेने एका बाजूला, सतरा फुटांचं धूड पुढे-मागे डुलत. त्याआधी कप्प्यांची झाकणं उघडून आतल्या सगळ्या छोट्या-छोट्या पिशव्या बाहेर काढायच्या, कारण भरलेली कयाक एकट्याला हलत नाही. पलीकडे नेऊन पुन्हा एकेक पिशवी आत कोंबायची. दोन चाकांची ढकलगाडी मिळते, ती डांबरी रस्त्यावर झकास चालते. काळ्या मातीत चाकाला असा लगदा चढतो की चाक फिरायचंच थांबतं. दिवसाला एक बंधारा असेल तर चालून जाईल. दोन असतील तर संध्याकाळी तुम्ही कयाकच्या नावाने खडे फोडाल.

चिखलाचा प्रश्न जलाशयांवरही आहेच. जानेवारीनंतर पाणी ओसरू लागतं आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. मार्चमध्ये सकाळी गाडी उभी केली तिथून पाणी शंभर-दीडशे मीटर लांब, मध्ये कुणाचं तरी पीक आणि त्यापुढे घोट्यापर्यंत गाळ. त्या पिकातून होडी ओढत न्यायची नाही, बांधाने फिरून जायचं. इथेही हलकी होडी जिंकते.

पाणी ओसरल्यावर वर येणारी दुसरी गोष्ट म्हणजे खुंट. बुडीत शिवारातल्या झाडांचे, वेड्या बाभळीचे. काठाला बेशरमाची दाटी. फुगवायच्या स्वस्त होड्या घेऊन लोक हौसेने येतात, त्यांना हे काटे पुरेसे असतात. कयाकचा स्केग आणि सुकाणू अशा उथळ पाण्यात वरच ठेवायचा, नाहीतर खुंटात अडकतो. त्याहून वाईट म्हणजे जाळ्यात अडकतो. मासेमारांच्या जाळ्यांना थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या बांधलेल्या असतात, लाटांत त्या लवकर दिसत नाहीत. सकाळी काठावर भोई मंडळी भेटतात, त्यांना जाळी कुठे टाकलीत हे विचारून निघालं की दोघांचंही नुकसान टळतं. वाऱ्याचा अंदाजही त्यांच्याकडूनच घ्यावा, मोबाइलमधल्या अ‍ॅपला आपला काठ कुठे माहीत असतो?

बंधाऱ्याबद्दल एक गोष्ट मात्र होडीवर अवलंबून नाही. दरवाजातून किंवा सांडव्यावरून पाणी पडत असेल तर वरच्या बाजूने बऱ्याच आधी काठाला लागा. पाणी खाली पडलं की पायथ्याशी ते उलटं, भिंतीच्या दिशेने वळतं आणि तरंगणारी वस्तू तिथेच गोल गोल फिरवत धरून ठेवतं. दिसायला ती धार दोन-तीन फुटांचीच असते, सुटका भल्याभल्या पोहणाऱ्यांची होत नाही. पैठणच्या 27 दरवाजांतून विसर्ग सुरू असल्याची बातमी असेल तर खालच्या नदीत उतरायचंच नाही. आणि खाली बाभळी बंधाऱ्यापर्यंत जायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी लक्षात ठेवावं, सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार त्या बंधाऱ्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे असतात. त्या काळात तिथे साठलेलं संथ पाणी नसतं, वाहती नदी असते.

ऊन, गुडघे, डबा

परदेशी लेखांत सी कयाकचं कौतुक करताना थंडीपासून बचाव हा मोठा गुण सांगतात. आपल्याकडे तोच अवगुण होतो. स्प्रे स्कर्ट लावून मार्चच्या दुपारी बसा, कमरेखालचा भाग उकडून निघतो. स्कर्ट काढला तर बरं वाटतं, पण मग लाटेपासूनचं संरक्षणही गेलं. कॅनोत वारा खेळता राहतो, पाय हलवता येतात, बसण्याची ढब बदलता येते. मात्र सावली दोन्हीकडे नाही. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि गळ्यात गमछा हा आपला नेहमीचा पोशाखच उपयोगी.

बसण्याचं म्हणाल तर कयाकमध्ये पाय समोर पसरलेले, पाठ सरळ. ज्यांच्या मांडीमागच्या शिरा आखडलेल्या आहेत किंवा कंबर धरते, त्यांना तासाभरात जाणवतं. कॅनोत गुडघे टेकून बसलं की तोल उत्तम राहतो, पण गुडघ्यांची झीज झालेल्याला ते नको. आपल्या लोकांना वज्रासनाची, पंगतीत मांडी घालायची सवय असते, त्यामुळे कॅनोतली अवघडलेली पहिली सकाळ आपण परदेशी माणसापेक्षा लवकर पार करतो असं माझं मत आहे.

सामानात कॅनो सरळ पुढे. उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत माणशी रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं. जलाशयाचं पाणी तसंच पिण्यासारखं नसतं, त्यामुळे दोन-तीन दिवसांचं जवळ हवं. कॅनोत वीस लिटरचा जार उभा ठेवता येतो. कयाकच्या गोल झाकणाचं तोंड वीत-सव्वा वीत. त्यातून जार जात नाही, पाणी बाटल्यांत आणि पिशव्यांत वाटावं लागतं. भाकरीचा डबाही चपटा शोधावा लागतो. उलट कयाकमध्ये जे आत गेलं ते कोरडं राहतं, कॅनोत पाणी न शिरणाऱ्या पिशव्या घेऊन त्या बांधून ठेवाव्या लागतात.

वेगाबद्दल लोक जास्तच बोलतात. पाण्यातली लांबी जास्त तर वेगाची मर्यादा जास्त, हे खरं. 16 फूट लांबीला ती ताशी 9.9 किलोमीटरच्या आसपास येते, 14 फुटांना 9.3. पण तुम्ही-आम्ही दिवसभर ज्या गतीने वल्हवतो ती ताशी पाच-सहा. मर्यादेपर्यंत कुणी जातच नाही. फरक पडतो तो अरुंदपणाने आणि दोन पात्यांच्या वल्ह्याने. कयाकमध्ये प्रत्येक बाजूला आलटून पालटून मारा बसतो, तोंड सरळ राहतं. कॅनोत एकाच बाजूने वल्हवलं की होडी दुसरीकडे वळते, म्हणून प्रत्येक माऱ्याच्या शेवटी पातं बाहेर वळवून हलकेच ढकलावं लागतं. ते शिकायला दिवस लागतात. एकदा जमलं की तो मारा इतका शांत असतो की पाणकोंबडी शेवटपर्यंत उडत नाही.

मधला मार्ग, आणि मग खरेदी

मधला मार्ग जुना आहे. अमेरिकेत 1883 मध्ये जे. हेन्री रश्टन या कारागिराने एका किरकोळ अंगाच्या माणसासाठी नऊ फुटांची कॅनो बनवली, वजन साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोच्या आत. तो ती कॅनो तळाशी बसून दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायचा. आजही एकट्याच्या कॅनोत आठ-साडेआठ फुटांचं दोनपाती वल्हं वापरणारे पुष्कळ आहेत. वाऱ्यात हात कमी दुखतात आणि शिकायला वेळ लागत नाही. वर कापडी झाकण ताणलं तर लाट आणि वारा दोन्ही थोडे कमी लागतात.

दुसरी वाट घडीच्या कयाकची. ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन तरुण 1932 मध्ये डॅन्यूब नदीवरच्या उल्म गावातून अशीच एक घडीची कयाक घेऊन निघाला आणि भारताच्या किनाऱ्याने पुढे जात 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. छत्रपती संभाजीनगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला सतरा फुटांची होडी ठेवायला जागा नसते, त्याने हा पर्याय बघावा. फक्त खुंटांपासून जपावं.

मला कुणी सरळ विचारलं तर सांगतो. पैठण, गंगापूर, शेवगावकडून नाथसागराच्या उघड्या पाण्यात जायचं असेल तर सी कयाक, आणि बचावाचा सराव आधी. त्यात नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वनविभागाची परवानगी घेतल्याशिवाय पाण्यात पाऊल नको. हिवाळ्यात बाहेरून आलेल्या पक्ष्यांचे थवे पाण्यावर बसलेले असतात, त्यांच्यापासून लांबून जायचं. धरणाच्या भिंतीजवळ तर कुठेच जायचं नाही. इतर जलाशयांवरही जलसंपदा विभागाला विचारून घ्यावं. नांदेड, परभणी, जालन्याकडची मंडळी नदीवर आणि बंधाऱ्यांच्या पाण्यात रमणार असतील तर बिनदिक्कत कॅनो. येलदरीसारख्या ठिकाणी, जिथे पाणी टेकड्यांच्या खाचांमध्ये शिरलेलं आहे, तिथे दोन्ही चालतील. मी कॅनो घेईन आणि वारा सुटला की खाचेत शिरेन.

अडचण अशी की आपल्याकडच्या दुकानात बहुतेक वेळा वर बसायची रुंद प्लास्टिकची कयाकच समोर ठेवतात. ती उलटली तरी पुन्हा चढायला सोपी आणि शिकायला चांगली. पण दिवसभराच्या पल्ल्याला जड आणि संथ. खरी सी कयाक शोधावी लागते, टूरिंग कॅनो त्याहून जास्त. त्यामुळे ‘मिळाली म्हणून घेतली’ असं होण्याचा धोका मोठा. होडी घरी आणायची तर छोटा हत्तीचा हौदा सात फुटांचा, होडी सोळा-सतरा फुटांची. पुढून केबिनवर टेकवली तरी बरीच मागे लोंबणार, शेवटाला लाल फडकं बांधायचं. गाडीच्या टपावर नेणार असाल तर दोरी फार आवळू नका. उन्हात प्लास्टिक मऊ पडतं आणि तळाला खळगा पडून तसाच राहतो.

पैसे देण्याआधी दुकानातच अर्धा तास होडीत बसून राहा, पाय बधिर होतात का बघा. मग एकट्याने ती उचलून टपावर चढवा आणि पुन्हा उतरवा. दुकानातला पोऱ्या हात लावायला पुढे येईल, त्याला चहा आणायला पाठवा.